डाव्या हाताला दहापैकी नऊ

१

सोमवारी सकाळी कारखान्यातून परदेश चोरीला गेला.

परदेश तसा फार मोठा नव्हता. वेल्डिंग करणाऱ्या माणसाने घालायचा, चामड्याचा, डाव्या हाताचा एक हातमोजा, एवढाच तो होता. पण गेले तीन आठवडे तो मॅनेजरसाहेबांच्या खोलीबाहेर काचेच्या पेटीत विराजमान होता, आणि शिवण विभागातली बासष्ट माणसं त्याच्यासमोरून जाताना आवाज खाली आणत होती.

कारखान्यात चोऱ्या नव्या नव्हत्या. दोऱ्याची रिळं जायची, बल्ब जायचे, एकदा तर चोरांवर लक्ष ठेवणाऱ्या रखवालदाराची खुर्चीच गेली होती. पण आजवर जे गेलं ते कुणाच्या तरी कामाचं होतं. एकटा डावा हातमोजा नेऊन माणूस करणार काय?

“म्हणूनच तुम्हाला बोलावलं, काका,” मॅनेजरसाहेब म्हणाले.

हे काका म्हणजे भिंगकाका. चौतीस वर्षं ते याच कारखान्यात तपासनीस होते. शिवून आलेला नग भिंगाखाली धरायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी भिंग खिशातून गेलं नव्हतं. बायकोने विणलेल्या स्वेटरलाही त्यांनी एकदा ते लावलं होतं. त्या दिवसापासून तिने विणकाम सोडलं.

“पेटीला कुलूप नव्हतं?” काकांनी विचारलं.

“लावायचं ठरलं होतं. पण खर्चावर नियंत्रण आहे. जागतिकीकरण.”

मॅनेजरसाहेब तरुण होते, सभ्य होते, आणि त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला हे एक उत्तर होतं. पंखा का बंद? जागतिकीकरण. चहा अर्धा कप का? जागतिकीकरण. संडासाची कडी तुटून सहा महिने झाले होते. तिचंही मूळ, साहेबांच्या मते, जगाच्या बाजारपेठेत होतं.

“शुक्रवारी सरकारी अधिकारी येतायत. शिवण विभाग बंद करायच्या अर्जावर सुनावणी आहे. पुरावा काय म्हणून विचारलं तर मी काय दाखवू? रिकामी पेटी?”

काकांनी खिशातलं भिंग चाचपलं. त्या पुराव्यात त्यांचाही हात होता. तीन आठवड्यांपूर्वी साहेबांनी सगळ्या कामगारांची सभा घेतली होती. टेबलावर दोन हातमोजे ठेवले होते, एक आपला आणि एक परदेशी. “मी काही बोलत नाही,” साहेब म्हणाले होते, “तुमचेच भिंगकाका निवाडा करतील.” काकांनी अर्धा तास भिंग फिरवलं होतं आणि प्रामाणिकपणे निवाडा दिला होता: आपल्याला दहापैकी सहा, परदेशीला नऊ. सभेत कुणी हूं की चूं केलं नव्हतं. उलट मागच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं होतं, “काय फिनिशिंग आहे, बघा!”

“हातमोजा शोधून द्या,” साहेब खुर्ची पुढे ओढत म्हणाले. “विभाग गेला तरी पॅकिंगला सहा माणसं ठेवणार आहे मी. त्यात तुमची सून राहील. शब्द देतो.”

काकांची सून त्याच विभागात होती. त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्यातून ह्याच कारणाने घरी आला होता आणि अजून घरीच होता. घर सुनेच्या नोकरीवर उभं होतं.

“शनिवारी दुपारपर्यंत हातमोजा होता,” साहेब म्हणाले. “त्यानंतर तिघंच जण वर आले. पुढारी, मास्तर आणि...”

“आणि?”

साहेबांनी काचेवरची धूळ बोटाने पुसली.

“तुमची सूनबाई.”

२

पेटी भिंगकाकांनी नीट पाहिली. काच शाबूत होती, कडी पुन्हा लावलेली होती. आणि आत, मखमलीवर, एक गोष्ट राहिली होती. हातमोज्याच्या मनगटाला शिवलेली परदेशी कंपनीची कापडी चिठ्ठी.

ती ओढून फाडलेली नव्हती. एकेक टाका तोडून सोडवलेली होती, आणि मग सरळ करून ठेवलेली होती. जणू चोर म्हणत होता, हे तुमचं, हे ठेवा.

काकांनी भिंग खिशात घातलं आणि आधी पुढाऱ्याला गाठलं.

पुढारी म्हणजे कामगारांचा पुढारी. त्याला बोलायला लावावं लागत नसे, थांबवावं लागे.

“मी चोरू? मी?” तो छातीवर हात ठेवून म्हणाला. “काका, शुक्रवारचं माझं भाषण त्या हातमोज्यावर उभं आहे! ‘हा हातमोजा म्हणजे जागतिक भांडवलाने आपल्या गालावर मारलेली चपराक आहे,’ असं म्हणून मी तो उंच धरणार होतो. आता काय उंच धरू? चप्पल?”

“मग कोणी नेला असेल?”

“हे सगळं वरून चालतं, काका. जागतिकीकरण आहे. तुमच्या-आमच्या हातात काही नाही.”

काकांना गंमत वाटली. मॅनेजर आणि पुढारी आजवर एका गोष्टीवर एकमत झाले नव्हते, अगदी घड्याळावरसुद्धा. आता झाले होते.

मात्र पुढारी खोटं बोलत नव्हता. भाषणाचा आधारच कोण स्वतः काढून घेईल? त्याचं नाव काकांनी मनातल्या मनात खोडलं.

शिवणमास्तर मशीनपाशीच होते. विभागातल्या प्रत्येकाला त्यांनी हाताला धरून शिवण शिकवली होती. सभेपासून ते कुणाशी धड बोलत नव्हते.

“मास्तर, शनिवारी वर गेला होतात?”

“दोरा मागायला. मिळाला नाही.”

“हातमोजा पाहिलात?”

“पाहिला नाही आणि पाहणार नाही.” मास्तरांनी मान वर केली नाही. “तुम्ही नऊ दिलेत ना? मग झालं. चाळीस वर्षं शिवतोय. आम्हाला सहा. त्याला नऊ. कोण कुठला तो, त्याने म्हणे असा शिवला. मी त्या पेटीकडे पाठ करून उभा राहिलो.”

“मास्तर, मी जे दिसलं ते लिहिलं.”

“तुमचं चुकलं असं कुठे म्हणतोय मी? तुमचं कधी चुकत नाही, हीच तर पंचाईत आहे.”

एवढं बोलून मास्तरांनी सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा तीनदा हुकला. हात थरथरत होते. चौथ्यांदा शेजारच्या बाईने न विचारता सुई त्यांच्या हातातून घेतली, ओवली आणि परत दिली. हे रोजचं असावं, कारण दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

ती कापडी चिठ्ठी या हातांनी सुटली नसती. मास्तरांचं नाव खोडलं गेलं.

यादीत आता एकच नाव उरलं, आणि ते खोडायला काकांचा हात धजत नव्हता आणि खोडल्यावाचून घरी जायला पाय उचलत नव्हते.

३

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पळवाट काढली. आपण सभेत हातमोजा तपासताना लिहिलेला कागद पाहायला मागितला. हातमोज्याचं वर्णन हवं, असं साहेबांना सांगितलं. खरं म्हणजे त्यांना वेळ काढायचा होता.

कागद त्यांच्याच अक्षरात होता. चामडं एकजात, टाके एका इंचात सात, बोटांचे सांधे स्वच्छ. आणि चौथ्या ओळीत: ‘शिवणीची सुरुवात करंगळीच्या मुळाशी. दुहेरी टाका, उत्तम.’

काकांनी ती ओळ वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि परत वाचली.

त्या कारखान्यात पंचेचाळीस वर्षांपूर्वी पहिली मशीन आली ती जुनीपुराणी होती. सुईखाली चामडं दाबून धरणारी तिची दाबपट्टी एका अंगाने वाकलेली होती. अंगठ्याकडून शिवायला घेतलं की चामडं अडकायचं. म्हणून शिवणमास्तरांच्याही आधीच्या मास्तरांनी उलटा मार्ग काढला: करंगळीकडून सुरुवात करा, अंगठ्याला संपवा. मशीन भंगारात गेली, सवय तशीच राहिली. नव्या मशीनवरही सगळे करंगळीकडूनच शिवत. एकदा कुठल्याशा प्रदर्शनात काकांनी आठ कारखान्यांचे हातमोजे उलटे करून पाहिले होते. आठही अंगठ्याकडून सुरू झाले होते. तेव्हा घरी येऊन ते बायकोला म्हणाले होते, “सगळ्या जगात आपणच तेवढे वेडे.”

आणि तीन आठवड्यांपूर्वी त्याच काकांनी परदेशी हातमोज्यात करंगळीचा टाका पाहिला, उत्तम म्हणून शेरा दिला आणि पुढे गेले.

दिसलं नाही असं नव्हतं. दिसलं होतं, लिहिलंही होतं. पण मनगटावर परदेशाची चिठ्ठी होती, आणि चिठ्ठी वाचल्यावर डोळ्यांनी फक्त मोजायचं काम केलं, ओळखायचं सोडून दिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तपासनिसाने काखेतला कळसा काढून, भिंगाखाली धरून, परदेशी म्हणून पास केला होता.

चिठ्ठी काढून ठेवणाऱ्या चोराला हे ठाऊक होतं. म्हणूनच त्याने जे आपलं होतं तेवढंच नेलं होतं.

काका तडक घरी आले. कामावरून परतलेली सून ओट्याशी उभी राहून मुलाच्या दप्तराचा पट्टा शिवत होती. काकांनी चप्पल न काढताच विचारलं:

“दुसरा हात कुठे आहे?”

सुनेने दोरा तोडला.

“बसा, बाबा,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं तुम्ही कालच विचाराल.”

४

सुनेचं काम जोड्या लावण्याचं. कातडं एका जनावराचं असलं तरी पाठ वेगळी, पोट वेगळं. उजव्या हाताला शोभेल असा डावा शोधायचा तर नजर लागते. ज्यांची जोडी जमत नाही ते नग एका खोक्यात पडत. त्या खोक्याला विभागात ‘विधुरांचं वसतिगृह’ म्हणत.

तिने कपाटातल्या साड्यांखालून दोन हातमोजे काढले आणि काकांच्या मांडीवर ठेवले.

“भिंग नका लावू. नुसतं बघा.”

डाव्या हातमोज्याच्या पाठीवर एक पुसट ओरखडा होता. जनावराला कधीकाळी काटेरी तार लागली असेल. तो ओरखडा अंगठ्याच्या कडेला येऊन तुटत होता. सुनेने उजवा हातमोजा त्याला भिडवला. ओरखडा तिथून पुढे सुरू झाला आणि उजव्याच्या करंगळीपर्यंत गेला. दोन्ही हात एका कातड्यातून, शेजारी शेजारी कापले गेले होते.

“डावा मीच टाकला होता खोक्यात, मागच्या वर्षी,” ती म्हणाली. “ह्याचा उजवा दुरुस्तीला गेला होता, तो आत्ता महिन्यापूर्वी आला. मी डावा शोधायला गेले तर खोक्यात नाही. आणि मग शनिवारी जोड्यांच्या वहीवर सही घ्यायला वर गेले, पहिल्यांदाच पेटीत वाकून नीट बघितलं, तर हाच ओरखडा घेऊन महाराज काचेत बसलेले! चिठ्ठीबिठ्ठी लावून!”

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“काय सांगणार? भर सभेत तुम्ही नऊ दिले होते. म्हटलं, आधी जोडी लावून बघावी. नुसत्या संशयावर सासऱ्याला नापास कसं करायचं?”

काका हसले, आणि हसता हसताच त्यांच्या लक्षात आलं की त्यांच्याकडे आता चोर आहे, माल आहे आणि साहेबांचा शब्दही आहे. हातमोजा गपचूप परत केला तर सुनेची नोकरी राहते, छप्पन्न जणांची जाते. खरं सांगितलं तर सून चोर ठरते.

“ह्याला शिवलंय कोणी, तेही मला माहीत आहे,” सून म्हणाली. “टाका बघा ना. एवढा सरळ टाका विभागात एकाच माणसाचा असतो. निदान मागच्या वर्षीपर्यंत असायचा.”

काकांनी हातमोजा उलटा केला, आत पाहिलं, आणि त्यांना मास्तरांची न ओवली जाणारी सुई आठवली.

५

बुधवारी मॅनेजरसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चोराचं नाव काकांनी सांगितलं नाही, साहेबांनीही विचारलं नाही. चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची खूण नव्हती. कुणी तरी अखेर हिशेब बरोबर सोडवला, असा काहीसा थकलेला भाव होता.

“खरं परदेशी सॅम्पल बोटीत अडकलं होतं. सभेची तारीख ठरलेली. म्हणून एक प्रातिनिधिक हातमोजा ठेवला.”

“प्रातिनिधिक?”

“मला वाटलं, तुम्ही बघताक्षणी ओळखाल. ओळखलंत तर माफी मागायची आणि सभा पुढे ढकलायची, असं ठरवलं होतं मी. तुम्ही नऊ दिलेत. मग मलाही वाटायला लागलं, असेल बुवा परदेशी.”

“आणि खरं सॅम्पल?”

“आलं नंतर.” साहेबांनी खणातून एक हातमोजा काढून पुढे टाकला. काकांनी सवयीने भिंग लावलं. बोटांचे सांधे उसवायला आले होते.

“ह्याला मी चारसुद्धा देणार नाही!”

“मीही नाही देणार.”

“मग विभाग बंद कशाला?”

“काका, तो चांगला निघाला असता तर चांगला म्हणून आपण बंद. वाईट निघाला, तर स्वस्त म्हणून आपण बंद. बंद करायचं गेल्या वर्षीच ठरलंय.”

“कोणी ठरवलं?”

“वरून.”

“वर कोण असतं?”

साहेबांनी छताकडे पाहिलं. तिथे बंद पंखा होता.

“मला पत्रं येतात,” ते म्हणाले. “सही दर वेळी वेगळी असते. एकदा मी फोन केला, तर पलीकडच्या बाई म्हणाल्या, त्यांनाही पत्रच येतं. खोटं नाही सांगत. जागतिकीकरण हा शब्द मी शोधलेला नाही, मलाही तो वरूनच आला. पुढच्या यादीत माझं नाव आहे, असं ऐकतो.”

चौतीस वर्षं भिंगकाकांनी दोष शोधले होते. प्रत्येक दोषामागे एक हात सापडायचा. कुणाची सुई बोथट, कुणाचं रात्री भांडण झालेलं. हात सापडला की समजावता यायचं. ह्या दोषामागे त्यांनी जेवढं चाचपलं तेवढा पुढचा हातमोजा निघत होता, आणि प्रत्येक हातमोजा रिकामा.

“शुक्रवारी मी सगळं सांगणार आहे,” ते उठत म्हणाले.

“सांगा,” साहेब म्हणाले. “चोर कोण तेही सांगावं लागेल, एवढं लक्षात ठेवा.”

६

शुक्रवारी विभागातच टेबल मांडलं. सरकारी अधिकारी मध्यमवयीन, सर्दी झालेले गृहस्थ होते. बासष्ट माणसं मशीनना टेकून उभी होती.

काकांनी आपलं म्हणणं मांडलं. करंगळीचा टाका सांगितला, वाकड्या दाबपट्टीची गोष्ट सांगितली, पेटीत मागे राहिलेल्या चिठ्ठीचा अर्थ लावून दाखवला. रहस्य असं उलगडत गेलं की शिंका थांबवून अधिकारीसुद्धा पुढे वाकले. शेवटी काकांनी दोन्ही हातमोजे टेबलावर ठेवले.

“आणि हा पेटीतून काढला मी,” ते म्हणाले. आयुष्यातला हा त्यांचा पहिला खोटा शेरा.

“मी काढला,” सून मागून म्हणाली. “बाबांना पेटीची कडी कुठल्या बाजूला आहे तेही माहीत नाही.”

कुणी तरी हसलं. अधिकाऱ्यांनी अर्जाची फाइल चाळली. दोनदा चाळली.

“फारच छान तपास,” ते नाक पुसत म्हणाले. “पण ह्या अर्जात हातमोज्याचा उल्लेखच नाही. कारण म्हणून ‘जागतिक परिस्थिती’ एवढंच लिहिलंय. आणि ते कारण मान्य कारणांच्या यादीत आहे.”

“पण ती परिस्थिती ह्याच खोलीत शिवलेली आहे!” काका म्हणाले.

“असेल. मला यादीच्या बाहेर जाता येत नाही.”

मग पुढारी बोलला. छान बोलला. हातात काही नसतानाही काही तरी उंच धरल्यासारखा बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांच्या शेजारची म्हातारी शिवणकरीण हळूच म्हणाली, “तुम्ही सांगितलंत ते कळलं हो, भिंगकाका. पण आपल्याकडचाच असता तर एवढा चांगला कसा असता?”

टाळ्या चालू असताना मास्तर टेबलापाशी आले. त्यांनी डावा हातमोजा पहिल्यांदाच हातात घेतला, उलटा केला, आणि शिवणीवरून अंगठा फिरवत राहिले. बराच वेळ.

“नऊ म्हणालात ना?” त्यांनी विचारलं.

“नऊ.”

“एक कशाचा कापलात?”

“मनगटाशी चिठ्ठी वाकडी लागली होती.”

“ती माझी नाही,” मास्तर म्हणाले, आणि हातमोजा खाली ठेवायला विसरून आपल्या मशीनपाशी जाऊन बसले.

अर्ज मंजूर झाला. पॅकिंगच्या सहा जागांचं विचारलं तेव्हा साहेबांनी कालच आलेलं पत्र दाखवलं: त्याही रद्द. शब्द त्यांनी मनापासून दिला होता, एवढं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. सुनेने मान हलवली आणि खुंटीवरची पिशवी काढली.

“तुमची तक्रार मात्र नोंदवता येईल,” अधिकारी काकांना म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलं असावं. त्यांनी एक छापील फॉर्म पुढे केला. “ह्या रकान्यात ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं नाव आणि पत्ता लिहा. तो रिकामा असेल तर फॉर्म घेता येत नाही.”

काकांनी पेन घेतलं. साहेबांकडे पाहिलं, ते पुढच्या यादीत होते. पुढाऱ्याकडे पाहिलं, तो घाम पुसत होता. वर छताकडे पाहायचं त्यांनी टाळलं. एवढ्या मोठ्या प्रकरणात राहायला घर आणि दारावर पाटी असलेला, ज्याने स्वतःच्या हाताने स्वतःच्या अक्षरात काही लिहून दिलं होतं, असा माणूस त्यांना एकच सापडला. त्यांनी सुवाच्य अक्षरात आपलं नाव लिहिलं. खाली गल्ली लिहिली.

अधिकाऱ्यांनी फॉर्म वाचला. काकांकडे पाहिलं. मग ते म्हणाले, “पत्ता पूर्ण लागतो.”

काकांना घराचा नंबर काही केल्या आठवेना. पिशवी खांद्याला लावून सून त्यांच्या मागे उभी होती. ती वाकली, फॉर्म वाचला, आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“चौदा, बाबा,” ती म्हणाली. “घर नंबर चौदा.”

काकांनी चौदा लिहिलं. अधिकाऱ्यांनी शिक्का मारला.